तबकडीचा केसपेपर

जॅझ संगीताच्या जगात ज्यांच्या आद्याक्षरांना आज सर्वाधिक मोल आहे, ते गृहस्थ दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर देत असत. रूडी व्हॅन गेल्डर हे त्यांचे नाव. पेनसिल्व्हेनियातील महाविद्यालयातून त्यांनी नेत्रमापनाची पदवी घेतली, न्यू जर्सी राज्यात व्यवसाय थाटला आणि हॅकेनसॅक या गावी आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रणाची यंत्रे मांडली. माइल्स डेव्हिस, सॉनी रॉलिन्स, जॉन कोल्ट्रेन यांच्यासारखे वादक त्या दिवाणखान्यात येऊन वाजवून गेले. थेलोनियस मंकने तर आपल्या एका रचनेला ‘हॅकेनसॅक’ हेच नाव दिले. १९५९ साली इंगलवुड क्लिफ्स येथे उंच लाकडी छताचा स्वतंत्र स्टुडिओ उभा राहिला, तेव्हा कुठे व्हॅन गेल्डर यांनी चष्म्यांचा व्यवसाय सोडला. डॉक्टरांच्या स्मरणिकेत जॅझच्या तबकड्यांविषयी लिहिण्यास एवढे प्रवेशपत्र पुरेसे व्हावे, अशी आशा आहे.

व्हॅन गेल्डर ज्या कंपन्यांसाठी काम करीत, त्यांत ब्लू नोट ही अग्रगण्य. बर्लिनहून अमेरिकेत आलेल्या आल्फ्रेड लायन या जॅझवेड्या माणसाने १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये ती सुरू केली. त्याचा बर्लिनचाच मित्र फ्रान्सिस वुल्फ ध्वनिमुद्रणाच्या वेळी छायाचित्रे काढी, आणि रीड माइल्स त्या छायाचित्रांतून अशी आवरणे सजवी की ती आजही भिंतीवर लावावीशी वाटतात. व्हॅन गेल्डर यांनी स्वतः कोरलेल्या तबकडीच्या अखेरीस, संगीत संपून कागदी चकती सुरू होण्यापूर्वीच्या कोऱ्या पट्टीवर, त्यांची आर. व्ही. जी. ही आद्याक्षरे असत. शेजारी प्लॅस्टिलाइट या कारखान्याची खूण असे. ते खरे म्हणजे इंग्रजी ‘पी’ हे अक्षर, परंतु त्याचे वळण असे की कानाच्या पाळीसारखे दिसावे. संग्राहक त्या खुणेला ‘कान’च म्हणतात, आणि कान असलेल्या प्रतीची किंमत वेगळी, कान नसलेल्या प्रतीची वेगळी. मी कान-नाक-घसा विभागात उभे आयुष्य घालविले. एका कानाला एवढा भाव आलेला मी अन्यत्र पाहिलेला नाही.

अशा मूळ प्रती आज शेकडो, प्रसंगी हजारो डॉलरांना विकल्या जातात, आणि त्यांतील बऱ्याच प्रतींवर साठ-पासष्ट वर्षांतील बोथट सुयांचे ओरखडे असतात. त्यामुळे माझ्यासारख्या बेताच्या संग्राहकापुढे दुसरा मार्ग उरतो: मूळ ध्वनिफितीवरून नव्याने, निगुतीने काढलेल्या आवृत्त्या. २०१९ पासून ब्लू नोटची ‘टोन पोएट’ ही माला निघते. जो हार्ली तबकड्यांची निवड करतात, केव्हिन ग्रे मूळ फितीवरून त्या कोरतात आणि कॅलिफोर्नियातील कॅमरियो येथील कारखान्यात त्या दाबल्या जातात. कॅन्सस राज्यातील सलायना या लहानशा गावात चॅड कॅसम यांची ‘ॲनालॉग प्रॉडक्शन्स’ आहे. २०११ पासून त्यांचा स्वतःचा कारखानाही आहे. अमेरिकेत अशा तबकडीस साधारण पस्तीस-चाळीस डॉलर आणि दोन तबकड्यांच्या संचास त्याहून बरेच अधिक पडतात. आपल्याकडे येईपर्यंत त्यात टपाल आणि सीमाशुल्क मिळते. तो हिशेब घरातील मंडळींपुढे न मांडलेला बरा.

ज्यांनी ही प्रक्रिया पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, कारण पुढचा वाद तिच्यावाचून समजणार नाही. फितीवरील आवाज एका यंत्राच्या साहाय्याने, लॅकरचा थर दिलेल्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर सर्पिल चराच्या रूपाने कोरला जातो. त्या चकतीवर चांदीचा अतिशय पातळ मुलामा देऊन वर निकेल चढवितात. निकेलचा तो थर सोलून काढला की चराचा उलटा ठसा मिळतो. त्यापासून सुलटा ठसा, आणि त्या सुलट्यापासून पुन्हा अनेक उलटे साचे करतात. त्या साच्यांमध्ये तापलेले व्हिनाइल दाबले की तबकडी जन्मते. पहिल्या ठशास ‘फादर’ आणि दुसऱ्यास ‘मदर’ म्हणतात, त्यामुळे आपल्या प्रसूतितज्ज्ञ मित्रांना ही परिभाषा परकी वाटू नये. प्रत्येक पिढीत मूळ आवाजाचा एखादा बारीक कण हरवतो. चर मध्याकडे सरकू लागला की सुईखालून जाणारी त्याची गती घटते आणि झांजांचा आवाज घासल्यासारखा येतो. म्हणून काही कंपन्या मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांशऐवजी पंचेचाळीस फेऱ्यांची तबकडी काढतात आणि एका तबकडीचे संगीत दोहोंवर वाटतात. १८० ग्रॅम वजनाचा गवगवा मात्र मला निष्कारण वाटतो. जड तबकडी हातात घेतल्यावर बरे वाटते, इतकेच.

मूळ प्रत की नवी आवृत्ती, हा संग्राहकांचा सनातन वाद. माझे मत नव्या आवृत्तीच्या बाजूचे आहे, आणि त्यासाठी एकच दाखला पुरेसा आहे. माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही बहुधा जगात सर्वाधिक ऐकली गेलेली जॅझची तबकडी. २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ या दोन दिवशी न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरील कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत तिचे ध्वनिमुद्रण झाले. पहिल्या दिवशी फीत चालविणारे यंत्र किंचित हळू चालत होते. हळू चाललेली फीत योग्य गतीने वाजविली की आवाज चढतो. परिणामी पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना मूळ स्वरापेक्षा किंचित वर छापल्या गेल्या आणि तशाच तेहतीस वर्षे जगभर विकल्या गेल्या. त्या तबकडीबरोबर साथ करून शिकणाऱ्या कितीतरी विद्यार्थ्यांनी आपलेच वाद्य उतरले आहे असे समजून ते पुन्हा लावले असेल! १९९२ साली, त्याच वेळी दुसऱ्या यंत्रावर घेतलेली जोडफीत तपासल्यावर हा दोष निस्तरला गेला. म्हणजे १९५९ ची जी प्रत लोक प्राणापलीकडे जपतात, तिच्यात वादकांनी वाजविलेला स्वर नाही. तो नंतरच्या आवृत्तीत आहे, आणि तो तेथे कसा आला याची नोंद उपलब्ध आहे, म्हणूनच आपण हे खात्रीने म्हणू शकतो.

या नोंदीविषयीच मला लिहावयाचे आहे. २०२२ च्या जुलै महिन्यात या छंदाच्या जगात एक मोठा गदारोळ झाला. मोबाइल फिडेलिटी ही १९७७ साली स्थापन झालेली कॅलिफोर्नियातील कंपनी तबकड्यांच्या उंची आवृत्त्यांसाठी प्रसिद्ध. आवरणाच्या माथ्यावर ‘मूळ ध्वनिफितीवरून’ अशा अर्थाची पट्टी हे तिचे भूषण. तिने ‘वन-स्टेप’ नावाची पद्धत काढली होती. तीत फादर आणि मदर या दोन्ही पिढ्या वगळून लॅकरपासून थेट साचा काढतात. अशा संचाची किंमत शंभर ते सव्वाशे डॉलर. बिल एव्हान्सच्या त्रयीची ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ ही तबकडी या मालेत निघाली होती. २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या एका तळघरातील क्लबात ती मैफल झाली. पाठीमागे पेल्यांची किणकिण आणि श्रोत्यांची कुजबुज ऐकू येते. अकराच दिवसांनी बासवादक स्कॉट लाफारो मोटार-अपघातात गेला. तो पंचवीस वर्षांचा होता. असे संगीत जितक्या जवळून ऐकता येईल तितके ऐकावे, ही इच्छा मला हास्यास्पद वाटत नाही.

परंतु वन-स्टेप पद्धतीत एका लॅकरपासून हजाराच्या आसपासच प्रती निघतात. अधिक प्रती हव्या असतील तर फीत पुन्हा वाजवून नवे लॅकर कोरावे लागते. याच कंपनीने मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या चाळीस हजार प्रती या पद्धतीने काढण्याचे जाहीर केले, तेव्हा लोकांनी साधा भागाकार केला. एवढी मौल्यवान फीत इतक्या वेळा वाजवावयास कोण देईल? फीनिक्स शहरातील माइक एस्पोसिटो या दुकानदाराने हा प्रश्न जाहीरपणे विचारला आणि कंपनीच्या अभियंत्यांनी त्याला सरळ उत्तर दिले. २०११ पासून कंपनी अनेक तबकड्यांसाठी मूळ फितीची एकदाच संगणकीय नक्कल करून घेत होती आणि लॅकर त्या नकलेवरून कोरत होती. वन-स्टेपच्या संचासोबत प्रक्रियेचे सुबक चित्र छापलेले असे. त्या चित्रात ही पायरी नव्हती.

पुढे न्यायालयात सामूहिक दावा झाला आणि सुमारे अडीच कोटी डॉलरांची तडजोड झाली. ग्राहकाने तबकडी परत करून पूर्ण पैसे घ्यावेत किंवा तबकडी ठेवून थोडीशी भरपाई घ्यावी, असा पर्याय मिळाला. कंपनीने तेव्हापासून प्रत्येक आवृत्तीच्या प्रवासाची माहिती द्यावयास सुरुवात केली.

खरी मौज वेगळीच. संगणकीय आवाज आपण क्षणात ओळखतो, तो कोरडा आणि निर्जीव असतो, असे वर्षानुवर्षे सांगणाऱ्या नामवंत जाणकारांनी याच तबकड्यांची मुक्तकंठाने स्तुती केली होती. अकरा वर्षांत कोणाच्याही कानाला शंका आली नाही. शंका आली ती भागाकाराला.

त्यानंतर दोन तट पडले. एक तट म्हणे, आमची फसवणूक झाली. दुसरा म्हणे, कानाला कळले नाही म्हणजे नुकसान झालेच नाही. आवाज उत्तम होता, तो आनंदाने ऐकलात, आता कांगावा कशाला? हा दुसरा पक्ष वरकरणी विज्ञाननिष्ठ दिसतो आणि आपल्या व्यवसायातील पुष्कळांना तो पटेल. मला तो मुळीच पटत नाही, जरी त्याने मांडलेली वस्तुस्थिती मला मान्य आहे.

वस्तुस्थिती अशी. मेयर आणि मोरान या दोघांनी २००७ साली अमेरिकेतील ध्वनि-अभियांत्रिकीच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. अत्युच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत साध्या सीडीच्या दर्जाचा संगणकीय टप्पा घालावयाचा किंवा काढावयाचा, आणि तो आहे की नाही हे श्रोत्याने न पाहता सांगावयाचे. साडेपाचशेहून अधिक चाचण्या झाल्या. बरोबर उत्तरे जवळजवळ निम्मी, म्हणजे नाणे उडवून मिळावीत तेवढीच. २०१६ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी अशा अठरा अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यांना फरक आढळला, संख्याशास्त्रीयदृष्ट्या तो खराही होता, परंतु बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे बावन्न टक्के भरले. प्रशिक्षित श्रोत्यांत ते काहीसे अधिक होते. बावन्न टक्क्यांच्या बळावर आपल्यापैकी कोणी औषध बदलणार नाही.

त्यात आणखी आपल्या वयाचा विचार करावा. या महागड्या तबकड्या घेणारे बहुतेक ग्राहक पन्नाशी ओलांडलेले पुरुष असावेत, असे ही मंडळी जेथे जेथे भेटतात तेथे सहज दिसते. वार्धक्याचे बहिरेपण तारस्वरांपासून सुरू होते, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. दवाखान्यातील ऑडिओग्राम आठ हजार हर्ट्झपाशी थांबतो. माझा स्वतःचा आलेख तेथे पोहोचण्यापूर्वीच घाटातून उतरणाऱ्या एस. टी.सारखा खाली येतो. माझ्याच वयाचे एक स्नेही वीस हजार हर्ट्झच्या वरच्या ‘हवे’विषयी तल्लीन होऊन बोलतात, तेव्हा मी त्यांना तपासणीस बोलाविण्याचा मोह आवरतो. मैत्री टिकली पाहिजे.

आणि स्वतः व्हॅन गेल्डर? ज्यांच्या आद्याक्षरांवरून बोट फिरवून लोक तबकड्यांच्या किमती ठरवितात, त्यांनी १९९५ सालच्या एका मुलाखतीत एलपीला निरोप देताना जराही हळहळ व्यक्त केली नाही. संगीत सर्वाधिक बिघडविणारी वस्तू तबकडीच होय, असे त्यांचे मत होते. आपल्या जुन्या फिती त्यांनी नंतर सीडीसाठी स्वतः पुन्हा सिद्ध करून दिल्या. साध्या घरगुती यंत्रावर सुई उडू नये म्हणून खर्ज आवरता घ्यावा लागे, दोन्ही बाजूंची लांबी सांभाळावी लागे; ही कसरत त्यांनी वर्षानुवर्षे केली होती आणि तिचे त्यांना प्रेम उरले नव्हते.

तर कानाला फरक कळत नाही, हे मी मान्य करतो. माझा मुद्दा येथूनच सुरू होतो. कानाला कळत नाही म्हणूनच आवरणावर लिहिलेले खरे असले पाहिजे. ग्राहकाला जे स्वतः पडताळता येते, त्याविषयी विक्रेता खोटे बोलला तर ते टिकत नाही. तबकडीला भेग आहे किंवा ती वाकली आहे, हे दिसते. जे पडताळता येत नाही, तेथे ग्राहकापाशी विक्रेत्याच्या शब्दावाचून काहीच नसते. लस उत्पादकापासून दंडापर्यंत थंड राहिली की नाही, हे टोचून घेणाऱ्या आईला किंवा तिच्या बाळाला कळण्याचा कोणताही मार्ग नाही. चव नाही, रंग नाही, वास नाही. म्हणून कुपीवर उष्णतेने रंग बदलणारी खूण असते, म्हणून शीतपेटीत तापमापक असतो आणि दिवसातून दोनदा वहीत आकडा लिहिला जातो. बाळ ठणठणीत राहिले म्हणून तो आकडा खोटा लिहिला तरी चालेल, असे म्हणणाऱ्या परिचारिकेस आपण कामावर ठेवू का? साखरेच्या गोळीने दुखणे थांबते हेही आपण जाणतो. ते थांबणे खरे असते. तरीही साखरेच्या गोळीवर औषधाचे नाव छापून ती औषधाच्या भावाने विकण्याची मुभा आपण कोणाला देत नाही.

या तबकड्या विकत घेणारा माणूस आवाज विकत घेतो, असे सर्वच धरून चालतात. तोही तसेच धरून चालतो. मला तसे वाटत नाही. आवाज त्याला आता भ्रमणध्वनीवर जवळजवळ फुकट मिळतो, आणि वरील चाचण्या पाहता तो वाईटही नसतो. सव्वाशे डॉलर तो एका साखळीसाठी मोजतो: १९६१ च्या जूनमध्ये त्या तळघरात जी फीत फिरत होती, तीच फीत पुन्हा फिरली, तिच्यावरून हा चर कोरला गेला, आणि मध्ये कोणीही नव्हते. ज्ञानेश्वरीच्या जुन्या पोथीला किंवा आजोबांच्या हाताच्या पत्राला आपण जपतो. त्यातील मजकूर छापील पुस्तकात अधिक सुवाच्य असतो, हे ठाऊक असूनही जपतो. हे मोल वेडेपणाचे असेल तर असो, परंतु ज्या वस्तूचे मोल केवळ तिच्या प्रवासाच्या नोंदीत आहे, तिची नोंदच खोटी निघाली तर ग्राहकाच्या हाती उरते ते प्लॅस्टिक.

कंपनीच्या बाजूने जे बोलता येईल तेही बोलले पाहिजे. साठ वर्षांची फीत प्रत्येक वेळी वाजविताना झिजते. अनेक मालक ती तिजोरीतून बाहेर देत नाहीत. अभियंत्यांनी यंत्र घेऊन तिजोरीशी जावे लागते. अशा वेळी एकदाच उत्तम नक्कल करून फितीस विश्रांती देणे हा रुग्णाच्या हिताचाच निर्णय आहे. मी असतो तर तोच घेतला असता, आणि आवरणावर तो ठळक अक्षरांत लिहिला असता. निर्णय योग्य असणे आणि तो रुग्णाला सांगणे, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे आपल्या पिढीतील डॉक्टरांना संमतिपत्रांच्या काळात पुरेसे कळले आहे. पूर्वी ‘मी करतो ते तुमच्या भल्याचेच’ एवढ्यावर भागत असे. आता भागत नाही, आणि न भागणे बरे.

फिती किती नाजूक अवस्थेत आहेत, याची कल्पना सर्वसाधारण रसिकास नसते. १ जून २००८ रोजी हॉलिवूडमधील युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली. त्या वेळी नुकसान किरकोळ असल्याचे सांगितले गेले. अकरा वर्षांनी, २०१९ च्या जूनमध्ये, न्यूयॉर्क टाइम्सने प्रसिद्ध केले की तेथे ध्वनिफितींचे मोठे भांडार होते आणि जॅझच्याही अनेक मूळ फिती त्यात भस्मसात झाल्या. नक्की किती, यावर कंपनीने वाद घातला. ज्यांचे संगीत होते त्या कलावंतांना किंवा त्यांच्या वारसांना मधल्या अकरा वर्षांत कोणी पत्र पाठवून कळविले नव्हते. २०२० च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातील बॅनिंग येथे लॅकरच्या चकत्या तयार करणारा कारखाना जळाला. त्यानंतर अशा चकत्या पुरविणारी जपानमधील एकच कंपनी जगात उरली. या छंदाचा सारा डोलारा इतक्या थोड्या खांबांवर उभा आहे.

आमच्या गोव्यात त्यात पावसाळ्याची भर. जून ते सप्टेंबर माझ्या दवाखान्यात कानातील बुरशीचे रुग्ण वाढतात, आणि घरी आवरणांवर तीच पांढरी साय धरते. कानासाठी निदान थेंब आहेत.

टीना ब्रूक्सविषयी सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. हा टेनर सॅक्सोफोन वाजविणारा तरुण १९३२ साली नॉर्थ कॅरोलायनात जन्मला. ब्लू नोटने १९५८ ते १९६१ या काळात त्याच्या स्वतःच्या नावाने चार ध्वनिमुद्रणे केली आणि त्यांपैकी एकच, ‘ट्रू ब्लू’, त्याच्या हयातीत प्रसिद्ध केले. उरलेली तीन तिजोरीत गेली. हेरॉइनच्या व्यसनाने त्याला पोखरले. १९७४ साली, बेचाळीसाव्या वर्षी, यकृत निकामी होऊन तो वारला. आज ‘ट्रू ब्लू’ची मूळ प्रत हजारो डॉलरांना जाते आणि त्यातील एक सेंटही त्याला मिळालेला नाही, मिळणारही नव्हता. उरलेली ध्वनिमुद्रणे जगाला ऐकावयास मिळाली ती मायकेल कस्कूना यांच्यामुळे. १९७५ पासून ते ब्लू नोटच्या तिजोरीत बसून फितींच्या खोक्यांवरील तारखा, वादकांची नावे आणि ध्वनिमुद्रणाच्या नोंदवह्या जुळवीत राहिले. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले. ‘मायनर मूव्ह’ हे ब्रूक्सचे १९५८ सालचे ध्वनिमुद्रण टोन पोएट मालेत निघाले आहे. तबकडी फिरू लागली की पंचवीस वर्षांच्या त्या मुलाचा सूर खोलीत येतो, किंचित संकोची, आपले म्हणणे दुसऱ्याला पटेल की नाही याविषयी साशंक. खोक्यावर कोणी चूक नाव लिहिले असते तर तो सूर आणखी कोणाच्या नावावर जमा झाला असता.

नावांच्या या प्रश्नाने मला नेहमी आपल्याच मातीतील वादक आठवतात. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, मुंबईच्या ताजमध्ये ट्रम्पेट वाजवीत आणि त्यांना मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्र यांच्या संगीतात जॅझचा जो झणका आहे, त्यात त्यांचा वाटा मोठा. १९५१ च्या ‘अलबेला’त तो स्पष्ट ऐकू येतो. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ही मंडळी चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकून मुंबईस गेली आणि हिंदी चित्रपटगीतांची वाद्यवृंदरचना त्यांनी कागदावर उतरविली. तबकडीच्या चकतीवर गायकाचे, संगीतकाराचे आणि चित्रपटाचे नाव असे. वाद्यवृंदरचना करणाऱ्याचे नाव छापण्याची प्रथा नव्हती. अलीकडे त्या गाण्यांच्याही व्हिनाइल आवृत्त्या पुन्हा निघू लागल्या आहेत आणि त्यांची किंमत अमेरिकन तबकड्यांच्या जवळ जाते. माझ्या पाहण्यात आलेल्या आवरणांवर कोणत्या फितीवरून ती काढली हेही नाही आणि या माणसांची नावेही नाहीत. प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू असलेले माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे नाव १९७७ साली तबकडीवर छापले गेले खरे. ते ‘अमर अकबर अँथनी’तील एका विनोदी गाण्याचे शीर्षक म्हणून.